कारवारच्या किनाऱ्यावरची 'आयएनएस चपल' १९७१ मध्ये कराचीवर गेली होती का?

गलबत

कारवारला रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, हमरस्त्याला लागूनच, 'आयएनएस चपल' ही मिसाइल बोट संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिच्याबद्दल नेटवर दोन तऱ्हेचं वाचायला मिळतं. कुणी लिहितं की कराची बंदर पेटवणारी बोट ती हीच. कुणी म्हणतं, तिचा त्या युद्धाशी काही संबंध नाही. शाळेच्या सहलीसाठी दोन पानांचं माहितीपत्रक करायचं आहे, आणि मुलांच्या हातात चुकीची माहिती जायला नको. म्हणून जाणकारांना विचारतो:

१. चपल युद्धात होती का? नसेल, तर बोटीकडे बघून ते कसं ओळखायचं?
२. ज्या बोटी खरंच गेल्या त्यांचं पुढे काय झालं? २०१६ मध्ये 'निपात' आणि 'वीर' निवृत्त झाल्याची बातमी होती. म्हणजे त्या पंचेचाळीस वर्षं चालल्या का?
३. बंदराच्या रक्षणासाठी बांधलेल्या एवढ्याशा बोटी कराचीपर्यंत पोचल्या कशा?
४. असं लोखंडी जहाज समुद्रकिनारी उघड्यावर ठेवलं तर किती टिकतं? त्यासाठी काय करावं लागतं?

डोलकाठी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. चपल (क्रमांक के-९४) नौदलात दाखल झाली ४ नोव्हेंबर १९७६ला. युद्ध संपून तोवर पाच वर्षं होत आली होती. ५ मे २००५ला ती निवृत्त झाली आणि नोव्हेंबर २००६ पासून कारवारला आहे. माहितीपत्रकात 'कराचीवर हल्ला करणारी बोट' असं अजिबात छापू नका.

घोटाळा होतो याचं कारण म्हणजे दोन्ही पिढ्यांच्या बोटी लांबून सारख्याच दिसतात. दोन्ही सोव्हिएत बनावटीच्या 'ओसा' जातीच्या. १९७१ साली आपल्याकडे होत्या त्या ओसा-१: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात, क्रमांक के-८२ ते के-८९. त्यानंतर १९७६-७७ मध्ये आठ ओसा-२ आल्या: प्रचंड, प्रलय, प्रताप, प्रबल, चपल, चमक, चटक आणि चराग. दोन्हींची लांबी साधारण ३८.६ मीटर, रुंदी ७.६ मीटर, पुढे-मागे ३० मिलिमीटरच्या जोडनळीच्या दोन तोफा आणि डेकवर चार मिसाइलं.

ओळखायचं ते मिसाइल ठेवायच्या डब्यावरून. ओसा-१वर पत्र्याच्या शेडसारखे चौकोनी, मोठे डबे होते, कारण पहिल्या पी-१५ मिसाइलचे पंख घट्ट बसवलेले असत. पंखांचा विस्तार जवळजवळ अडीच मीटर, म्हणून तेवढी रुंद जागा ठेवणं भाग होतं. ओसा-२साठी आलेल्या सुधारित मिसाइलचे पंख मिटून ठेवता येत आणि डब्यातून बाहेर पडल्यावर ते आपोआप उघडत. त्यामुळे डबा गोल नळकांड्याच्या आकाराचा झाला. चपलवर हे गोल डबे आहेत. १९७१चा कुठलाही फोटो शेजारी धरा, मुलांनासुद्धा फरक लगेच कळेल. पत्रकात हे दोन आकार शेजारी-शेजारी रेखाटून दाखवलेत तर फार बरं होईल.

डबे बघताना आणखी एक बघून घ्या. चारही डबे पुढच्या बाजूला थोडे वर उचललेले आहेत, आणि मागचे दोन पुढच्या दोनांपेक्षा उंचावर बसवले आहेत. मागचं मिसाइल पुढच्या डब्याच्या डोक्यावरून जायला हवं, म्हणून ही रचना.

दुसरा प्रश्न. २०१६च्या बातमीतल्या वीर आणि निपात या वेगळ्या बोटी. नौदलात जहाज निवृत्त झालं तरी नाव पुढच्या जहाजाला देतात. १९७१च्या आठही बोटी ऐंशीच्या दशकापासून एकेक करून सेवेतून गेल्या, त्यांतली एकही संग्रहालय म्हणून राहिली नाही. १९८७ पासून 'तारांतुल' जातीच्या, गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या, दुपटीहून जास्त वजनाच्या बोटी आल्या आणि आठपैकी सात नावं त्यांना मिळाली. फक्त 'विजेता' हे नाव या मालिकेत आलं नाही. १९७१ची निपात के-८६, नवी निपात के-४२. २८ एप्रिल २०१६ला मुंबईत निवृत्त झाली ती ही नवी. निर्घात आणि निर्भीक यांचंही तसंच, त्या जानेवारी २०१८ मध्ये निवृत्त झाल्या त्यासुद्धा दुसऱ्या पिढीच्या. फोटोखाली नाव वाचलं की क्रमांकही वाचायचा, म्हणजे गल्लत होत नाही.

राडारघर

डोलकाठी यांनी बोटींची ओळख नीट दिली आहे. हल्ल्याबद्दल थोडं लिहितो, कारण पत्रकात तोही भाग येईलच.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री, ऑपरेशन ट्रायडंटमध्ये, तीन बोटी होत्या: निपात (लेफ्टनंट कमांडर बी. एन. कविना), निर्घात (लेफ्टनंट कमांडर आय. जे. शर्मा) आणि वीर (लेफ्टनंट कमांडर ओ. पी. मेहता). २५व्या मिसाइल बोट स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रू भान यादव निपातवर होते. सोबत किल्तान आणि कच्छल ही पाणबुडीविरोधी जहाजं, आणि मागे पोषक हे तेलवाहू. किल्तान आणि कच्छल बरोबर घेण्याचं कारण नुसती सोबत नव्हे. त्यांचं रडार उंचावर होतं, पाणबुडी शोधायची सोय होती, संदेशयंत्रणा चांगली होती आणि वेगात त्या मिसाइल बोटींच्या बरोबरीने जाऊ शकत होत्या.

दिवसभर हा ताफा कराचीपासून सुमारे अडीचशे सागरी मैलांवर राहिला. पाकिस्तानी विमानांच्या माऱ्याच्या कक्षेबाहेर थांबायचं आणि अंधार पडल्यावर सुसाट आत शिरायचं, असा बेत होता. पाकिस्तानी हवाई दलाकडे रात्री समुद्रावर बोटी शोधून मारण्याची सोय तुटपुंजी होती, त्यामुळे सगळी कामगिरी सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत आटोपणं गरजेचं होतं.

कराचीच्या दक्षिणेला सत्तरेक मैलांवर निर्घातला 'खैबर' ही विनाशिका सापडली. मूळची ब्रिटिश 'कॅडिझ', दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात बांधलेली. पहिलं मिसाइल रात्री पावणेअकराच्या सुमारास लागलं, चार मिनिटांनी दुसरं. खैबरवरच्या लोकांना आकाशातून झपाट्याने येणारा उजेड विमानाचा वाटला, त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या आणि 'शत्रूच्या विमानाने हल्ला केला' असाच संदेश पाठवला. संदेशातलं ठिकाणही चुकलं होतं, त्यामुळे वाचलेल्यांपर्यंत मदत पोचायला उशीर झाला. त्या जहाजावरचे २२२ जण गेले. हा आकडा पत्रकात अवश्य द्या. समोरची माणसंही खलाशीच होती.

निपातने 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज बुडवलं आणि 'शाहजहान' ही विनाशिका निकामी केली. वीरने 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी बोट बुडवली. मुहाफिजचं अंग लाकडी होतं, कारण चुंबकीय सुरुंगांत फिरणाऱ्या बोटीला लोखंड चालत नाही. अर्धा टनाच्या आसपास स्फोटक असलेलं मिसाइल लाकडावर आदळल्यावर काही उरलंच नाही. संदेश पाठवायलाही वेळ मिळाला नाही, ३३ जण गेले. नंतर निपात आणखी आत गेली आणि कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्यांवर मिसाइल सोडलं.

जहाजावर सोडायचं मिसाइल जमिनीवरच्या टाकीला कसं लागलं, हे मुलं हमखास विचारतील. पी-१५च्या नाकात छोटं रडार असतं. बोटीवरचं रडार लक्ष्याची दिशा आणि अंतर देतं, मिसाइल त्या दिशेला ठरावीक उंचीवर उडत जातं आणि शेवटच्या टप्प्यात नाकातलं रडार चालू होतं. समोर सगळ्यांत ठळक प्रतिध्वनी जिथून येईल तिकडे ते वळतं. किनाऱ्यालगतच्या मोठ्या गोल पोलादी टाक्या रडारवर जहाजाइतक्याच ठळक दिसतात. याच गुणाचा दोष असा की मिसाइलला जहाज कुणाचं ते कळत नाही. ८ डिसेंबरच्या रात्री ऑपरेशन पायथनमध्ये विनाशने (लेफ्टनंट कमांडर विजय जेरथ) चार मिसाइलं सोडली. टाक्या पेटल्या, 'ढाका' हे पाकिस्तानी तेलवाहू निकामी झालं, पण 'हरमटन' हे ब्रिटिश आणि 'गल्फ स्टार' हे पनामाचं जहाजही सापडलं. सोबत तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेट जातीच्या युद्धनौका होत्या. दोन्ही रात्रींत आपला एकही माणूस गेला नाही.

हवामानाचाही वाटा होता. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून आलेली कोरडी, उबदार हवा पाण्यालगतच्या दमट थंड हवेवर पसरते. रडारच्या लहरी या दोन थरांमध्ये अडकून पाण्याच्या अंगाने दूरवर जातात. त्यामुळे या बोटींच्या 'रंगाउट' रडारला नेहमीच्या पल्ल्याच्या बऱ्याच पुढची जहाजं दिसत. पावसाळ्यात हेच रडार एवढं लांबचं दाखवणार नाही.

आपल्या खलाशांचं प्रशिक्षण सोव्हिएत संघात झालं होतं आणि सगळ्यांना रशियन येत होतं. हल्ल्याच्या वेळी बोटींमधलं बोलणं रशियनमधून झालं. चोरून ऐकणाऱ्याला त्यातून काही लागलं नसतं.

इंजिनरूम

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

आधी आकडे. मुंबई ते कराची सरळ अंतर ५०० सागरी मैलांच्या जरा आतबाहेर. ओसा-१ तीस नॉटच्या, म्हणजे तासाला तीस सागरी मैलांच्या, वेगाने गेली तर टाकीभर तेलात सुमारे ८०० मैल जाते. जाऊन यायचं म्हणजे हजार मैल झाले, त्यात लढाईतली धावपळ वेगळीच. चौदा नॉटने गेलं तर १८०० मैल होतात, पण त्या चालीने शत्रूच्या बंदरापाशी पोचेपर्यंत उजाडेल. म्हणजे मुंबईहून निघून हल्ला करून परत येणं स्वतःच्या तेलावर शक्य नव्हतं. सोव्हिएत नौदलाने त्या बांधल्याच होत्या आपल्या किनाऱ्याजवळ येणाऱ्या शत्रूवर झडप घालून परत फिरायला.

यावर तीन उपाय केले गेले. एक, बोटी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पुढे नेऊन ठेवल्या. ओखा ते कराची अंतर दोनशे मैलांच्या आत आहे. दुसरं, तेलवाहू जहाज वाटेत उभं केलं. तिसरं म्हणजे ओढत नेणं. मोठ्या जहाजाने दोर लावून बोट ओढायची, तिची इंजिनं बंद ठेवायची आणि हल्ल्याच्या टप्प्यात सोडायची. याचा सराव युद्धाआधीच झाला होता, आणि त्याची सुरुवात नाइलाजाने झाली. १९७१च्या सुरुवातीला या बोटी मालवाहू जहाजांच्या डेकवरून आल्या तेव्हा दीड-पावणेदोनशे टनांची बोट उचलेल अशी क्रेन मुंबई बंदरात नव्हती. म्हणून त्या कोलकात्याला उतरवल्या आणि द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. एवढ्या लांबच्या प्रवासातून ओढण्याचं तंत्र पक्कं झालं.

ओढताना दोर एकाच कड्याला बांधून चालत नाही. पातळ पत्र्याच्या अंगावर सगळा झटका एका जागी येतो आणि डेक उचकटतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना बांधलेला इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा आणि त्याच्या टोकाला मुख्य दोर, अशी जोडणी लागते. दोराची लांबी अशी ठेवायची की दोन्ही जहाजं लाटेवर एकाच वेळी चढतील आणि एकाच वेळी उतरतील. एक चढावर आणि दुसरं उतारावर असलं की दोर ताणून तुटतो.

ओढण्याचं दुसरं कारण इंजिनं. ओसा-१वर एम-५०३ जातीची तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ४००० अश्वशक्तीची. हे इंजिन नेहमीच्या सरळ ओळीचं नाही. एका दांड्याभोवती चांदणीसारख्या सात फळ्या, प्रत्येक फळीत सहा सिलिंडर, एकूण ४२. ओसा-२वर, म्हणजे चपलच्या जातीवर, एम-५०४: सात फळ्यांत आठ-आठ असे ५६ सिलिंडर आणि ५००० अश्वशक्ती. लहान जागेत एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या डिझेलमधून मिळत नव्हती. पण त्याची किंमत मोजावी लागते. खालच्या बाजूच्या फळ्यांमध्ये इंजिन बंद असताना तेल उतरून साठतं. ते काढून न टाकता इंजिन चालू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चालू करण्याआधी तेलपंप फिरवून, इंजिन हळूच वळवून, साठलेलं बाहेर काढावं लागतं. शिवाय मोठ्या दुरुस्तीपर्यंतचे तास थोडके असतात. प्रवासात ते वाया घालवण्यापेक्षा ओढत नेणं शहाणपणाचं.

मिसाइलचं इंधन हा आणखी एक धोका. पी-१५चं मुख्य इंजिन द्रवरूप इंधनावर चालतं. एका टाकीत अमाइनवर्गीय इंधन, दुसरीत नायट्रिक आम्लावर आधारलेला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला प्राणवायू पुरवणारा द्रव. दोन्ही एकमेकांना लागले की ठिणगीशिवाय पेट घेतात. भरताना अंगभर रबरी पोशाख, तोंडावर मुखवटा, पाण्याचे पाइप तयार, आणि दोन्ही द्रव कधीही एकाच वेळी, एकाच जागी भरायचे नाहीत, हा नियम. आम्ल टाकी खातं, म्हणून भरलेलं मिसाइल अनिश्चित काळ बोटीवर ठेवता येत नाही. ठरलेल्या मुदतीत उतरवून, रिकामं करून, धुऊन तपासावं लागतं. मिसाइलला जोडलेला, सुरुवातीचा जोर देणारा बूस्टर मात्र घन इंधनाचा असतो, तो काम झाल्यावर गळून पडतो.

गलबत

तिघांचेही मनापासून आभार. मिसाइलच्या डब्यांचं चित्र पत्रकात नक्की घेतो. चौथा प्रश्न राहिला. कारवारला पाऊस प्रचंड आणि समोर समुद्र. पोरं विचारणारच की हे गंजत कसं नाही. शिवाय बोटीला खाली जस्ताचे तुकडे बसवतात असं वाचलं, ते किनाऱ्यावरच्या बोटीलाही लागतात का?

गंजरोधक

जस्तापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज सगळीकडे आहे. जस्ताचा तुकडा लोखंडाऐवजी स्वतः झिजतो, पण त्यासाठी दोघांच्या मध्ये सलग पाणी लागतं. तरंगत्या बोटीला ते आहे. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या बोटीला नाही. हवेत बसवलेलं जस्त दोन इंचांपलीकडच्या पत्र्यालाही वाचवत नाही. जमिनीवर आलेल्या जहाजाला रंग आणि पाण्याचा निचरा, या दोनच गोष्टी वाचवतात.

निचरा आधी, कारण जहाज बाहेरून क्वचितच सडतं, आतून सडतं. पाण्यात असताना तळाला जमलेलं पाणी पंपाने काढतात. संग्रहालयात पंप चालवायला कुणी नसतं. पावसाचं पाणी झडपा, केबलची भोकं, तोफेचं बैठक-वर्तुळ, अशा वाटांनी आत येतं आणि सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात साठतं. जलरोधक भिंतींमुळे प्रत्येक खण स्वतंत्र असतो, त्यामुळे एका खणाला भोक पाडून दुसऱ्याचं पाणी जात नाही. प्रत्येक खणाच्या नेमक्या खालच्या बिंदूला २५ ते ५० मिलिमीटरचं निचराभोक हवं, त्याला आतून जाळी, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक भोकातून तार घालून ते मोकळं असल्याची खात्री. भोक दोन-तीन इंच वर पडलं तर तेवढं पाणी कायमचं राहतं आणि तळाचा पत्रा त्याच रेषेत कापला जातो.

दुसरी जागा म्हणजे डेक आणि वरचं बांधकाम यांचा सांधा. या बोटींचं अंग पोलादाचं, वरची केबिन वजन वाचवायला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. दोन धातू, मध्ये खारट ओल: ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी बाहेर येते. सांध्यातली जुनी पॅकिंग कुजली असेल तर ती बदलावी लागते. नुसता वरून रंग मारला की आत झीज चालूच राहते आणि रंगाला फोड येतात. पर्यटकांसाठी नवे कठडे बसवताना स्टेनलेसचे बोल्ट थेट ॲल्युमिनियममध्ये घालणं ही नेहमीची चूक. नायलॉनची बुशिंग आणि वॉशर घालून धातू एकमेकांपासून तोडायचे, भोकात सीलंट भरायचं.

रंगकामाचा क्रम पोलादासाठी असा. आधी गोड्या पाण्याने जोरात धुवायचं. मीठ राहिलं तर ते रंगाखालून ओल ओढतं आणि सहा महिन्यांत फोड येतात, म्हणून धुतल्यावर पत्र्यावरच्या क्षाराचं प्रमाण चाचणीने मोजायचं. मग शक्य तिथे वाळूसदृश गार्नेटचा मारा करून धातू पांढुरका, स्वच्छ होईपर्यंत गंज काढायचा. त्याच दिवशी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर जाड इपॉक्सी १२५ ते १५०, शेवटी पॉलियुरेथेन ५० ते ६०. पॉलियुरेथेन टाळलं तर उन्हाने इपॉक्सीचा खडू होतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त नसेल, तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडायचाच नाही. कोकणपट्टीत याचा अर्थ नोव्हेंबर ते मार्च आणि तेही सकाळचं दव सुकल्यावर.

ॲल्युमिनियमवर हाच क्रम चालवायचा नाही. त्यावर पोलादी छऱ्यांचा मारा केला तर लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. हलक्या दाबाने गार्नेट, मग ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर. तांबं किंवा शिसं असलेला कुठलाही रंग त्याच्या जवळ नको.

पाण्याखालच्या भागावर शेवाळरोधक रंगाचे जुने थर असू शकतात. त्यात विषारी संयुगं असतात, कोरडं घासून धूळ उडवायची नाही, ओलं करून काढायचं आणि गोळा करायचं. त्या काळातल्या जहाजांत पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टन सर्रास असे, त्यामुळे आतलं कुठलंही जुनं वेष्टन तपासल्याशिवाय फोडू नये.

चौथऱ्याबद्दल एक. आधार नेहमी आडव्या भिंतींच्या आणि फासळ्यांच्या खाली हवेत, दोन फासळ्यांच्या मध्ये आले तर पत्रा आत दबतो. आधार आणि पत्रा यांच्यामध्ये ओल धरून राहते, ती जागा कुणाला दिसत नाही आणि तिथेच भोक पडतं. दर रंगकामात आधार एकेक करून हलवून खालचा पत्रा बघितलाच पाहिजे.

शेवटचं, पण जिवाशी गाठ असलेलं: बंद टाकीत किंवा बंद खणात थेट उतरायचं नाही. गंज हवेतला प्राणवायू खातो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खणात वास येत नाही, धूर दिसत नाही, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. आधी झाकण उघडून पंख्याने हवा खेळवायची, मग मीटरने मोजायचं. २०.९ टक्के हे नेहमीचं प्रमाण, १९.५च्या खाली असेल तर कुणी आत जायचं नाही. वेल्डिंगआधी इंधनटाकीतली वाफही मोजायची, रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ भरपूर असते.

हे सगळं नेटाने केलं तर पाच-सहा वर्षांनी पूर्ण रंगकाम आणि दर ऑक्टोबरला डागडुजी, एवढ्यावर अशी बोट अनेक दशकं उभी राहते. जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने ठरलेल्या बिंदूंवर मोजून नोंद ठेवायची, मूळ जाडीच्या पाव भागाएवढा पत्रा गेला की तेवढा तुकडा बदलायचा.

डोलकाठी

गलबत, मुलांना १९७१च्या युद्धात प्रत्यक्ष गस्त घातलेलं काही आतून दाखवायचं असेल, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी आहे. १९६९ मध्ये दाखल, १९७१ मध्ये अरबी समुद्रात गस्त, २००१ मध्ये निवृत्त, २००२ पासून संग्रहालय. दीवला ठेवलेली 'खुकरी' मात्र १९७१ची नव्हे. ९ डिसेंबर १९७१ला बुडालेल्या फ्रिगेटचं नाव मिळालेलं ते नंतरचं जहाज आहे. तिथेही हीच गल्लत होते.

चपलबद्दल पत्रकात एवढं छापा: 'ओसा-२ जातीची मिसाइल बोट, के-९४. सेवा १९७६ ते २००५. १९७१च्या डिसेंबरात कराचीवर गेलेल्या ओसा-१ बोटींची ही पुढची पिढी. त्या आठांपैकी एकही आज शिल्लक नाही, त्यामुळे त्यांची बांधणी जवळून बघायची तर आपल्या किनाऱ्यावर हीच बोट आहे.' यातला शब्द न शब्द खरा आहे, आणि चपलचं मोलही त्याने कमी होत नाही. स्क्वाड्रनबद्दल ओळ घालायची तर: त्याच परंपरेतल्या २२व्या मिसाइल व्हेसल स्क्वाड्रनला, ज्याला 'किलर्स' म्हणतात, ८ डिसेंबर २०२१ला मुंबईच्या नौदल गोदीत राष्ट्रपतींच्या हस्ते 'प्रेसिडेंट्स स्टँडर्ड' हा सन्मानध्वज मिळाला.

छापण्याआधी डब्यांच्या चित्राचा कच्चा आराखडा इथे टाका. ओसा-१च्या डब्याचं झाकण आणि पुढच्या-मागच्या डब्यांच्या उंचीतला फरक बरोबर आला आहे का ते बघून सांगतो.